डाव्या हाताचं बोट

आये,

आज सकाळी नातीनं माझा हात धरून विचारलं, "आजोबा, हे बोट कुठं गेलं?" मी नेहमीचं सांगितलं, वैरण तोडताना गेलं. शाळेत मास्तरकी केली ती सगळी वर्षं हेच सांगत आलो. तिला पटलं, ती खेळायला गेली. मी मात्र तेव्हापासून चिडून बसलोय. तुझ्यावर. मेलेल्या माणसावर चिडायला लाज वाटायला पाहिजे, पण नाही वाटत.

फायनल पास झालो तेव्हा गुरुजी स्वतः मेढ्याहून चढ चढून आपल्या वाडीत आले होते, आठवतंय? अख्ख्या वाडीत सातवी पास झालेला मी पहिलाच. "आवं, पोराला सांगलीला मास्तरकीच्या ट्रेनिंगला घाला, न्हाईतर साताऱ्याच्या हायस्कुलात तरी घाला. डोकं हाय त्याला," असं गुरुजी आबांना सांगत होते, आणि मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. आबा नुसते मान हलवत होते. आपल्या वाडीत पोराला मिसरूड फुटलं की दोनच वाटा. थोरल्यानं पलटण धरायची, धाकट्यानं मुंबईची गिरणी. आबा पलटणीत, आबांचा बाप पलटणीत. दादाही गेला, आणि लढाईत गेला तो गेलाच. त्याची तार येऊन वर्षही झालं नव्हतं. थोरला पडला की थोरल्याची जागा धाकट्यानं भरायची, हा वाडीचा रिवाज. ती जागा रिकामी राहिली तर आबांना चावडीवर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

गुरुजी उतरणीला लागले आणि आबांनी खुंटीवरचा पलटणीतला पट्टा काढला. "मास्तर व्हतोस व्हय रं? पोरांचा शेंबूड पुसतोस? तुझा भाऊ मातीत गेला आन् तू खडू घासतोस?" प्रत्येक प्रश्नाला एक तडाखा. पाठीची सालटी निघत होती. तू चुलीपुढून उठलीस, पिठाच्या हातांनी पट्टा धरलास. आबांनी तो हिसडला आणि पितळेचं बक्कल तुझ्या कानावर बसलं. रक्त गळ्याच्या पोतीपर्यंत आलं. त्या कानानं तुला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. तू कानावर पदर दाबलास, तव्यावरची भाकरी करपत होती ती उलथलीस, आणि मला म्हणालीस, "जेव." मी जेवलो. तेही मला अजून कळत नाही, आपण त्या दिवशी जेवलो कसे.

साताऱ्याला भरती होती. वय दोन वर्षं वाढवून सांगायचं, असं आबांनी मला बजावलं आणि ते बैलगाडी जुंपायला गेले. भरतीला जाणाऱ्याच्या मनगटाला आईनं देवीचा दोरा बांधायचा असतो. तू उखळीपाशी बसलेली, दोरा मांडीवर. "हात दे." मी उजवा पुढं केला. दोरा उजव्याच हाताला बांधतात, तू दादाच्याही उजव्याच हाताला बांधला होतास. तू म्हणालीस, "डावा दे." "अगं आये, उजव्याला असतोय!" "डावा दे म्हणती न्हवं?" मी दिला. तू तो उखळीच्या काठावर दाबून धरलास आणि पाठीमागून कोयता काढलास. एकच घाव घातलास. अंगठ्याशेजारचं बोट तुळशीवृंदावनापर्यंत उडालं. मी किंचाळतोय, आणि तू चिंधी जाळून तिची राख माझ्या जखमेत भरतेस. मी तुला लाथ मारली, आये. तू ती खाल्लीस आणि गाठ घट्ट बांधलीस.

आबांनी पाहिलं आणि गाडीचा खुंटा उपसून तुला मारलं. तरी मला गाडीत घातलंच. मैदानात पोरांची रांग, सगळी उघडी, छाती मोजायला उभी. डॉक्टरनं माझा फडका सोडला, पुन्हा बांधला, आणि आबांकडं न बघता म्हणाला, "बंदूक पेलणार कशानं हा? न्या घरी." रांगेतला एकजण खिदळला, "आरं गड्या, घोडा वढायचं बोट उजव्या हाताचं असतंय! कुणी येड्यानं तोडलं?" आबा तेच धरून बसले. परतीच्या वाटेनं हसत होते, रडत होते, म्हणत होते, "येड्या रांडंला बोटबी धड तोडता यीना." मग वाडीही तेच म्हणायला लागली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, असं बायका पाणवठ्यावर तुझ्या तोंडावर म्हणायच्या. तू घागर उचलून चालायला लागायचीस.

पण तू चुकली नव्हतीस. दादा शेवटच्या रजेवर आला तेव्हा तुझ्यासमोर बसून, चुलीची फुंकणी खांद्याला लावून, त्यानं बंदूक कशी धरतात ते दाखवलं होतं. उजवं बोट नाचवत म्हणाला होता, "आये, ह्ये बोट न्हाई तर शिपाई न्हाई." मी तिथंच पाटीवर गणितं करत होतो, उजव्या हातानं. तू दोघांकडं बघत होतीस. तुला सगळं ठाऊक होतं. उजवं तोडलं असतंस तर पलटण नक्की सुटली असती, पण लेखणीही गेली असती. म्हणून तू डावं तोडलंस, आणि तेवढ्यावर डॉक्टर मला परत धाडेल की नाही याची जोखीम घेतलीस. वाडीनं तुला आयुष्यभर येडी म्हटलं, तू एकदाही तोंड उघडलं नाहीस.

पलटणीच्या कामाचा उरलो नाही म्हणून आबांनी अडवलं नाही, आणि मी सांगलीला गेलो. ट्रेनिंग केलं, मास्तर झालो, हजारो वेळा फळ्यावर ग म भ न काढलं. मग राग कशाचा, म्हणशील. आबांनी मला विचारलं नाही, गुरुजींनी विचारलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी हात दिला नसता. दिला नसता तर दादाशेजारी कुठंतरी पडलो असतो. हे कळतं, तरी राग जात नाही.

हे पत्र चुलीतच जाणार, अजून कुठं धाडू? एवढं मात्र कबूल करतो. वैरण तोडताना गेलं, असं मी सांगत आलो ते तुझी अब्रू राखायला नव्हे. माझ्या आईनं तोडलं, एवढे तीन शब्द बोलायला गेलो की मला रडू फुटतं, म्हणून.