टेंभुर्णीची रायफल

प्रिय मल्लेश,

तीनदा तुझा नंबर लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला. जे सांगायचंय ते फोनवर जिभेवर येत नाही, म्हणून लिहितेय.

गेल्या आठवड्यात टेंभुर्णीच्या सुभेदार बिभीषणरावांची मुलगी सोनाली आपल्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात आली. सुभेदार आता नाहीत. रायफलचा परवाना तिच्या नावावर झालाय. तिनं बासनातून बंदूक काढली आणि मी लगेच ओळखली. तीच रे, सोळा वर्षांपूर्वीची. लाकडी दस्ता नवा बसवलाय, पण नेम भरकटतोय म्हणाली. उघडली तर रिकॉइल लग वाकलेला. आठवतं, अप्पा आपल्या दोघांना जवसाच्या तेलाच्या वासात बसवून शिकवायचे? "गोळी फुडं जाती, बंदूक मागं येती. त्यो धक्का नळीखालचा हा पोलादी तुकडा लाकडात रुतून झेलतो. पाठ लाकडाला घट्ट पायजे, खाली नि बाजूला कागदाएवढी फट." पोरीच्या हातात बंदूक कशाला, असं सगळं घर म्हणत असताना त्यांनी मला तुझ्या शेजारी बसवलं होतं. काजळ फासून लग दस्त्याच्या खाचेत दाबायचा, काळा डाग पडेल तेवढंच लाकूड खरवडायचं. तू शीळ घालत करायचास, मी दात आवळून.

या वेळी मी जाड, सपाट घासलेला लग निवडला. तीन दिवस खरवडत बसले. अप्पांना आता फारसं दिसत नाही. त्यांनी खाचेतून बोट फिरवलं आणि हसले. म्हणाले, "झ्याक बसलाय की. मल्लेशनं तवा एवढं केलं असतं तर दस्ता चिरला नसता, आन् पोरगं घर सोडून गेलं नसतं."

मल्लेश, त्या जानेवारीत तू गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची काठी धरायला गेला होतास. सुभेदारांच्या रायफलचं तुझ्याकडचं काम मी पुरं करते म्हणाले. खाच मागून जास्त कोरली गेली, आणि मी लाज झाकायला लगामागं पुठ्ठ्याची चकती सारली. गोळी झाडताना दस्ता फुटला, सुभेदारांच्या गालात लाकूड घुसलं. अप्पा तुझ्यावर ओरडत होते तेव्हा तू माझ्याकडं एकदाच पाहिलंस आणि गप्प राहिलास. दुकानातली माझी जागा जाऊ नये म्हणून, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी बोलले नाही. आज दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे.

परवा अप्पांना सगळं सांगितलं. दिवसभर ते जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मल्लेशकडं जायचंय, हुबळीचं तिकीट काढ." रविवारी सकाळच्या गाडीनं माझे यजमान त्यांना घेऊन येतायत. अप्पा तुझी माफी मागायला येतायत, आणि चूक त्यांची नव्हती, हे त्यांच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. त्यांना दारात उभं ठेवू नकोस. मी येत नाही. तू बोलावशील तेव्हाच येईन.

तुझीच,
धनलक्ष्मी अक्का