टाकी भरायची वेळ

१२ जुलै, शनिवार

आज पुन्हा बंद पडला. नवा कोरा कॉम्प्युटर! वीरूनं पुण्याहून परत आल्यावर एकेक भाग नागपूरहून मागवला, आणि पांढुर्ण्याच्या आशिषनं — कॉलेजातला याचा दोस्त, आता कॉम्प्युटरचं दुकान टाकलं आहे त्यानं — आठ दिवसांखाली इथं खोलीत बसून जोडून दिला. एका बाजूनं काच, आत निळे-लाल लाइट. यांनी दारातूनच पाहिलं अन् म्हणाले, "गणपतीच्या मंडपात ठेवा, शोभंल." पुण्याच्या कंपनीनं कामावरून काढल्यापासून वीरू बापाशी बोलत नाही. माझ्याशी तरी कुठं बोलतो. "हो", "नाही", "भूक नाही". संपलं.

तो साधा वापरला, पिक्चर लावला, तर बराबर चालतो. खेळ लावला की मधातच भप्पकन बंद. सगळे लाइट विझतात. वीरू कपाळाला हात लावून बसतो. मी दारातून पाहते अन् वापस येते.

१५ जुलै

आशिष सकाळीच मोटरसायकल घेऊन आला. काच काढली, आतल्या पट्ट्या काढून पुसून पुन्हा बसवल्या, पंख्यावर हात धरून पाहिला. "काकू, गरम तर होऊन नाही राहिला हा." मग दोघंही जेवण होईपर्यंत खेळले. एकदाही बंद पडला नाही. आशिष खुशीत गेला.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होती तर आतून वीरूचा आवाज, "अरे यार!" पडला पुन्हा बंद. रागानं बाहेर आला, ओट्याजवळच्या स्टुलावर बसला. मी पोहे केले होते. खाता खाता सांगायला लागला, पुण्याच्या खोलीत तिघं कसे राहायचे, एक जण रोज दुधाचं पातेलं जाळायचा. हसला पण. मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहिली. किती महिन्यांनी पोराचा आवाज ऐकला मी, सलग.

१९ जुलै

आज कळलं मला.

अंगणवाडीतून आली, हातपाय धुतले, टाकी रिकामी होती म्हणून बोअरची मोटार लावली. बटन दाबलं तसा स्वयंपाकघरातला बल्ब क्षणभर मंद झाला — तो नेहमीच होतो — आणि त्याच क्षणी आतून "अरे यार!" मी बटनावर हात ठेवून उभीच. परवाही असंच झालं होतं. त्याच्या आधीही. मी मोटार लावते, मोटार लाइट ओढते, आणि याचा डबा झोपतो. आशिष आला त्या दिवशी टाकी भरलेली होती, मोटार लावलीच नव्हती मी.

सांगायलाच निघाली होती. तोवर तो स्वतःच बाहेर आला, स्टुलावर बसला, म्हणाला, "आई, चहा ठेव ना."

मी चहा ठेवला.

२० जुलै

आज सांगणार होती. नाही सांगितलं.

२४ जुलै

लिहायला लाज वाटते. टाकी भरलेली होती आज. मी स्वतः गच्चीवर जाऊन पाहून आली होती, काठोकाठ. तरी मोटार लावली.

तो बाहेर आला. आज पुण्याच्या साहेबाबद्दल बोलला. एका मीटिंगमधे बावीस जणांना एकदमच काढलं म्हणे, आणि साहेब स्वतःच रडत होता. "मी नाही रडलो आई. मी खोलीवर जाऊन झोपलो." मग महिनाभर घरी सांगितलंच नाही, रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून तसाच बसायचा. मला माहीतच नव्हतं हे. मी विचारलं, मग आमच्यात येऊन बसत काऊन नाही बाबू? तर म्हणे, "कारणाशिवाय बाहेर आलो की बाबा विचारतात, काय ठरवलं मग? काय सांगू? हे बंद पडलं की निदान कारण तरी असतं."

गच्चीवरून पाणी धो धो पडून राहिलं होतं. शेजारच्या मालतीबाई कुंपणावरून ओरडल्या, "विजयाताई, टाकी वाहून राहिली ना तुमची!" मी धावत जाऊन बंद केली. वापस आली तर वीरू खोलीत गेला होता. असंच पाहिजे मला. देवानं दिलेलं पाणी नालीत घातलं मी.

२९ जुलै

पुन्हा तेच. कान पकडले होते, तरी.

२ ऑगस्ट

आशिषनं डबा पांढुर्ण्याला नेला होता. दुकानात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खेळ लावून ठेवला, एकदाही बंद पडला नाही म्हणे. आज वापस घेऊन आला. आतला पॉवरचा डबा बदलून मोठा टाकला आहे. कायचे पैसे घ्यायला तयार नाही. "माझ्याच हातचं काम आहे काकू, बदनामी माझीच आहे."

मग म्हणाला, "आता घरची लाइट पाहून घेतो." पिशवीतून मीटर काढलं, दोन सुया प्लगमधे घातल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. आकडा चांगला होता. तो वाट पाहत होता, मीटरकडे बघत, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मी एवढंच म्हणायचं होतं — थांब रे, मोटार लावून पाहते. पाच शब्द. तोंडात आले होते.

"चहा थंड होऊन राहिला," म्हटलं मी.

तो म्हणाला, "लाइट तर एकदम बराबर आहे, काकू. मग काय असेल?" आणि माझ्याकडेच पाहिलं, जसं मला माहीत असेल. मी ट्रे ठेवून मागच्या अंगणात गेली. तुळशीजवळ बसली. आपल्या लेकाच्या चार गोष्टी ऐकायला दुसऱ्याच्या लेकाला असं उन्हातान्हात धावडवून राहिली मी. त्याची आई इंदू मला लग्नाकार्यात भेटते, किती भरवशानं बोलते माझ्याशी.

संध्याकाळी मोटार लावली नाही. वीरू जेवायलाच बाहेर आला. "भूक नाही फार." झालं.

५ ऑगस्ट

लावली.

११ ऑगस्ट

रात्री जेवताना हे वीरूसमोर म्हणाले, "त्या मधुकरच्या पोट्ट्याले, आशिषले, काही येत नाही. दुकान टाकलं म्हणून कोणी इंजिनिअर होते काय?" वीरू ताट तसंच ठेवून उठला. मी भाकरी भाजत होती. ती जळली तरी उलटली नाही.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. हे बैलांच्या झुली काढून बसले आहेत. बैल एकच जोडी राहिली, पण थाट तोच.

वीरू काल नागपूरला गेला होता, मित्राकडे जातो म्हणून. येताना एक खोकं घेऊन आला. खोलीतल्या टेबलाखाली ठेवलं, वरून जुना टॉवेल टाकला. मी विचारलं तर म्हणे, "काही नाही, वायरी ठेवायचा डबा." आज झाडताना टॉवेल सरकला, काळा चौकोनी डबा दिसला; बाजूला करायला गेली तर हलेचना. वायरी एवढ्या जड असतात काय!

२६ ऑगस्ट

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार, दगडफेकीची जत्रा, तीही झाली, आशिषचं दुकान दोन दिवस बंद होतं. आता तो येत नाही. वीरूच म्हणाला, "त्याला बोलवू नको आई, तो तरी काय करेल."

पण मी अजूनही करून राहिली. आता तर रोजचंच झालं. अंगणवाडीतून आली की मोटार, मोटार लावली की वीरू. पंधरा-वीस मिनिटं बसतो. आज शेंगा सोलून दिल्या. एका नागपूरच्या कंपनीत अर्ज केला आहे, हे बापाला सांगू नको म्हणाला. मला एवढा आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग वाटलं, हा आनंद चोरीचा आहे.

१० सप्टेंबर

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

हे संध्याकाळी मोहगावच्या बगीच्यातून आले. संत्र्याचा बहर चांगला धरला आहे, म्हणून खुशीत होते. हात धुता धुता म्हणाले, "लोधीखेड्याचे हेमराज सर भेटले होते. शिकवणीच्या वर्गासाठी कॉम्प्युटर घेऊन राहिले, सगळे त्या आशिषजवळूनच घेणार होते. मी म्हटलं, सर, आमच्या घरचं पाहा आधी. दोन महिने झाले, रोज बंद पडते. आता नागपूरले ऑर्डर देऊन राहिले ते."

असं म्हणाले जसं कोणाचं भलं करून आले. मी भाजी वाढत होती. पळी ताटात पडली.

आशिषचं पहिलं मोठं काम होतं ते. इंदूनं मला मागच्या महिन्यात सांगितलं होतं, हे मिळालं की दुकान पायावर उभं राहते. ते मी घालवलं. ह्यांनी नाही, मी. मी एक बटन दाबत बसली.

१२ सप्टेंबर

यांना सांगितलं.

वीरू झोपला होता. हे ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, मोटार, बल्ब, आशिषचं मीटर, भरलेली टाकी. आधी समजलंच नाही यांना. मग समजलं. "म्हंजे मी त्या पोराचं नाव फालतूच..." एवढंच बोलले. लगेच हेमराज सरांना फोन लावला. सर म्हणाले, ऑर्डर गेली काका, पैसेही भरले.

मला वाटलं आता बोलतील मला. बोलायलाच पाहिजे होतं. ते पायातली चप्पल अंगठ्यानं फिरवत बसले. मग विचारलं —

"काय बोलते तो तुह्याशी?"

मी म्हटलं, पुण्याचं बोलतो, मित्रांचं बोलतो.

"माहं काही बोलते का?"

"बोलतो ना," म्हटलं मी. तेही अर्धं खोटंच.

१५ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी टाकून बसनं पांढुर्ण्याला गेली. वीरूला सांगितलं, मीटिंग आहे.

आशिष दुकानात एकटाच होता. मला पाहून उठला, खुर्ची पुसून दिली. मी बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, नाहीतर हिंमत गेली असती. मोटारीचं ऐकून तो आधी हसला, "अरे हो! व्होल्टेज पडते ना काकू, खेळात जास्त ओढतो तो, म्हणून तेव्हाच बंद होते. मी मोटार लावूनच पाहिली नाही, माझीच चूक." त्याच्या मनात अजून तेवढंच होतं, की कोडं सुटलं.

मग हेमराज सरांचं सांगितलं. तो म्हणाला, "मी विचारच करून राहिलो होतो, सर फोन काऊन नाही उचलत." काउंटरवरची धूळ बोटानं पुसत राहिला. मी हात जोडले. त्यानं माझे हात धरून खाली केले. "असं नका करू काकू, आईसारख्या आहा तुम्ही." रागावला असता तर बरं झालं असतं. डोळे त्याचेही भरले होते, ते मी पाहिले, आणि ते माझ्याच खात्यात आहेत.

निघताना मी विचारलं, आता त्या डब्याचं काय करायचं रे? तर म्हणे, "काही नाही, एक बॅटरीवाला डबा येते, मधे लावायचा. मग मोटार लावा की गिरणी लावा, काही होत नाही." फळीवरचा काढून दाखवला. काळा, चौकोनी. हातात घेऊन पाहिला. जड होता.

मी तो ओळखला. बसमधे आपल्या सौसरपर्यंत एका जागी बसून होती, कोणी हाक मारली असती तरी कळलं नसतं. पोळ्याच्या आधीपासून वीरूच्या टेबलाखाली आहे तो. टॉवेल टाकून.

मग इतके दिवस काय बंद पडून राहिलं होतं?

१६ सप्टेंबर

मी आज मोटारीला हात लावला नाही.

यांनी लावली. बगीच्यातून भर दुपारीच आले, टाकी भरलेली आहे हे माहीत असून सरळ जाऊन बटन दाबलं, आणि स्टुलावर बसले. बल्ब मंद झाला.

वीरू बाहेर आला. बापाला पाहून दारातच थबकला. माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "बंद पडला पुन्हा."

त्याच्या मागं खोलीत खेळाचे धडाधड आवाज येऊनच राहिले होते. तिघांनाही ऐकू येत होते.

"बस," हे म्हणाले.

तो बसला. आशिषच्या गेलेल्या कामाचं त्याला आजच सांगायचं आहे, आम्ही दोघांनी मिळून. आधी तीन कप चहा ठेवला.