आमच्या गॅलरीतला चेंडू

मुलुंड, १९८७

जयवंता,

घाटकोपरच्या चाळीतल्या जुन्या टीमच्या मॅचला तू बोलावलंस, नंतर तुझ्या घरी जेवायलाही. मी येणार नाही. का, ते कळवणारही नाही; हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.

चेंडू आमच्या गॅलरीत गेला की आऊट, हा नियम तुझा. "काच फुटेल रे, अंबादास," म्हणायचास. काचा सगळ्यांच्याच खिडक्यांना होत्या. बौद्धांचं घर मात्र आमचं एकच. चेंडू मीच आणायचो आणि तू तो नळाखाली धुवायचास. गटारातून काढलेला चेंडू नुसता पँटला पुसून लगेच बॉलिंग टाकायचास.

गॅलरीत आलेला चेंडू आई पदराने पुसून माझ्या हातात द्यायची. तू धुताना ती वरून बघत असायची.

काल तिला तुझं बोलावणं सांगितलं. म्हणाली, "जा की. धुतलेला शर्ट घाल."

तुझ्या टीममधला,
अंबादास