'दर्या, जरा थांब' कोणाच्या नावावर

मी, अमिरुन्निसा नसरुद्दीन परकार, वय सेहेचाळीस, मूळची दापोली तालुक्यातली, सध्या राहणार रियाध. पुढच्या आठवड्यात माझे थायरॉइडचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे. आवाजाची खात्री डॉक्टर देत नाहीत. म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते.

१. गावचे घर व दागिने शरीयतीच्या हिश्श्यांप्रमाणे वाटावेत. त्यात माझे काही म्हणणे नाही.

२. 'दर्या, जरा थांब' हे सोल संगीताच्या ढंगाचे गाणे मी गायले आहे. रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामात, रजयांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून ते गठ्ठे माझे पती नसरुद्दीन यांनी एकट्याने रचले, हे मी विसरणार नाही. पण गाणे प्रसिद्ध करतानाची माहितीही त्यांनीच भरली. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्यांच्या आधाराने, सिम त्यांच्या नावावर, बँक त्यांची. त्याच सवयीने गायक म्हणूनही त्यांनी स्वतःचेच नाव घातले.

गाणे आखातातल्या भारतीय गाण्यांच्या चार्टवर पहिले आले. लोक मिठाई घेऊन धावले. "नसरुद्दीनभाय, काय नाजूक गळा हो तुमचा!"

हे म्हणाले, "मेहनत आहे."

तेव्हापासून प्रत्येक दावतीत त्यांना गायचा आग्रह होतो आणि प्रत्येक दावतीत त्यांचा घसा बसतो. रियाधच्या उन्हाळ्यात मफलर बांधून फिरणारा हा एकच माणूस.

३. तो मफलर त्यांच्याकडेच राहावा.

४. माईक मुलगी अफशाँला. "अम्मी, नाम चेंज करवा दो ना, सिंपल है," एवढे घरात तीच म्हणाली.

५. नणंद रुमाना हिला काही नाही. बाईचा आवाज गोदामाबाहेर जाऊ नये, असे ती म्हणाली होती. आता तोच आवाज तिच्या फोनची रिंगटोन आहे. तेवढा तिला पुरे.

६. गाण्यावर माझे नाव लागावे. मी जगले तरी ही अट लागू.

हे कलम साक्षीदार म्हणून ह्यांना वाचायला दिले. वाचून म्हणाले,

"अगो, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नसरुद्दीनचा घसा बरा झाला."

मग ह्यांनी मफलर काढून खुर्चीवर ठेवला आणि पेन मागितले.

लिहून देणार : अमिरुन्निसा नसरुद्दीन परकार, गायिका

साक्षीदार :
१. सादिया मुकादम, शेजारीण
२. नसरुद्दीन परकार, पती. गाणे मी गायलेले नाही. गठ्ठे मात्र मीच रचले.

रियाध, ९ फेब्रुवारी २०२५