समोरच्या बाजूने वाचलेली ओळ

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. तरी लिहितो. उद्या सकाळी माझ्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि हॉस्पिटलची पिशवी मी तीनदा उघडून पुन्हा भरली आहे. आता बायको म्हणते, त्या पिशवीला हात लावू नका. म्हणून पेन धरलं.

शहापूरला बाजाराच्या मागे आमचं घर आहे. माझी नात टॅरो बघते. चित्रांचे मोठे पत्ते असतात, त्यातलं पान काढून ती लोकांना पुढचं सांगते. पुढ्यात अर्थांची तीन पुस्तकं असतात. कोणत्या चित्राचा काय अर्थ, पान उलटं पडलं तर काय, सगळं त्यांत दिलेलं. दोन इंग्रजी आहेत. तिसरं मराठी, कारण इथल्या बायांना मराठीत ऐकायचं असतं. पोरगी इंग्रजी शाळेतली, मराठी पुस्तक वाचताना प्रत्येक जोडाक्षराला ठेचकाळते.

आज दुपारी मीच तिला म्हणालो, आजीसाठी एक पान काढ.

"डाक्टरला विचारून झालं, आता पत्त्यांना विचारतायत," बायको म्हणाली. "अवो, मला पण विचारा कधी, मी कशी हाय ते." पण आली आणि बसली.

पान निघालं ते मनोऱ्याचं. वर वीज कोसळलेली, दोन माणसं खाली पडताहेत. नातीने पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि सरसर वाचलं, "जुनं दुखणं निघून जाईल. आजी पहिल्यासारखी हिंडेल-फिरेल." कुठेही अडखळली नाही. मी समोर बसलो होतो. तिच्या बोटाखाली छापलं होतं, 'अचानक कोसळणे. घराचा आधार जाणे.'

मला उलटं वाचता येतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? सिद्धगडाच्या पायथ्याची आपली शाळा, कौलांतून उतरलेला उन्हाचा एक पट्टा, त्यात तरंगणारी धूळ. चार पोरांत एक पुस्तक. तिघं नीट बाजूला बसलेले, आणि मी कायम समोर. एकदा तुम्ही पुस्तक माझ्याकडे फिरवलंत, तर मला एक अक्षर लागेना. छडी उगारलीत, मग ध्यानात येऊन इतके हसलात की चष्मा काढावा लागला. "अरे, हे तर वटवाघूळ आहे रे आपलं!" दुसऱ्या दिवशी तुमच्या घरचं एक पुस्तक मला दिलंत, एकट्याला. ते सरळ धरून बसलो की मला डुलकी यायची, आणि डुलकीत अक्षरं हळूहळू आपली आपण फिरून माझ्या सवयीची, उलटी व्हायची.

मग लावणीचे दिवस. भिवंडीला कामाला गेलेल्या बाचं कार्ड आलं आहे. आई ते वाचून घ्यायला शाळेच्या पायरीवर बसली आहे, पायांवरचा चिखल अजून ओला. मी तुमच्यासमोर उभा. बाचं अक्षर असं की एरवी तुम्ही शब्दाशब्दाला थांबायचात. त्या दिवशी थांबला नाहीत. "काम लय आहे. लावणी उरकून घे. पोराला सांभाळ." कार्डावर होतं, 'मी इथं दुसरं घर केलं. माझी वाट बघू नको.'

"बघ रे, तुझ्या बाला आठवण हाय आमची," असं म्हणत आई हसत शेताकडे गेली.

त्यानंतर मी शाळेत आलो नाही. तुम्ही बोलवायला आलात तेव्हा गोठ्यात गवतामागे लपून बसलो. गुरं राखायला कोणी नव्हतं म्हणून शाळा सुटली, असं मी जन्मभर लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे मी तुम्हाला खोटारडे ठरवलं होतं. भात कापून, झोडून घरात आलं, त्याच आठवड्यात तुम्ही घरी येऊन आईला सगळं खरं सांगितलंत. ती कणगीला टेकून रडली. कणगी गच्च भरलेली होती. त्या कणगीकडे माझं लक्ष जायला आजची दुपार यावी लागली.

आत्ता बायकोने कूस बदलली. तिला माझी ही विद्या ठाऊक आहे, लग्न झाल्यावर मीच बढाई मारली होती. "अवो," ती म्हणाली, "तुमी तर समोर बसलेलात. पोरीनं वाचलं, तसंच लिवलं होतं ना?"

घाबरलो की माझी जीभ अडते, हे तुम्हाला माहीत आहे, तिलाही माहीत आहे.

"तसंच होतं गो," मी म्हणालो. गुरुजी, एका दमात म्हणालो.