सर्फची गिटार

१२ सप्टेंबर
संक्रांतीला झटका आला तेव्हापासून अण्णा एक शब्द बोललेले नाहीत. उजवा हात, उजवा पाय तर गेलेलेच. आज डॉक्टर म्हणाले, "आता फार अपेक्षा ठेवू नका." एवढंच सांगायला आम्हाला ढोकीहून धाराशिवला बोलावलं! येताना गाडीत मी रडत होते आणि आई म्हणाली, "शालीचं टोक दारात अडकलंय बघ, सोनाली." बस्स. हिला काही वाटतं तरी का?

१४ सप्टेंबर
माळ्यावर अण्णांची इलेक्ट्रिक गिटार सापडली! लाल रंग, बटणांची रांग, आवाज थरथरवायची ती लोखंडी दांडी. मागे पत्र्याची पट्टी – मेड इन जपान. हैदराबादची कुठलीशी ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली तेव्हा अण्णांनी आणलेली. वर्षभर कारखान्यात हजेरी घ्यायची आणि गणपतीत कॉलनीच्या स्टेजवर हिला गळ्यात अडकवून उभं राहायचं. हिला हात लावला म्हणून मी अण्णांचा एकदाच मार खाल्ला.

तारा गंजल्यात. आवाज शून्य.

हिचा आवाज कानावर पडला तर अण्णा बोलतील. खुळेपणा आहे, कळतंय मला. पण दुसरं काय आहे माझ्याकडे?

१७ सप्टेंबर
तुळजापूरला हाफिजभाईंकडे गिटार दिली. लग्नाकार्यातल्या साउंड सिस्टिम तेच दुरुस्त करतात. "ताई, हिचा पार्ट आता कुठंच मिळायचा न्हाय. पर बघतो."

मोबाईलवर शोधलं. साठ सालाच्या आसपासची, सर्फ म्युझिकच्या काळातली. सर्फ म्हणजे किनाऱ्यावर फुटणारी लाट. लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या पोरांचं संगीत – आणि वाजायचं कुठं, तर साखर कारखान्याच्या मळीच्या वासात!

आईला म्हटलं, "अगं, ही सर्फची गिटार आहे." तर म्हणते, "सर्फची? मंग धुवायची का काय?"
कपाळाला हात लावला. नवऱ्यानं जन्मभर वाजवली आणि बाईसाहेबांना पावडर आठवली.

२१ सप्टेंबर
वाजली! वाजली!!
हाफिजभाईंनी दिलेला स्पीकर जोडला, अण्णांच्या खाटेजवळ बसून नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या, ती दांडी हलवली. अण्णांनी मान वळवली. डोळ्यांतून धारा. आणि डावा हात! बोटं चादरीवर दाबत होते, खाली तारा असाव्यात तसे. मी ओरडले, "आई, बघ, बोटं बघ!"
आई दारात उभी होती. "बास कर आता," म्हणाली आणि आत गेली. आनंदसुद्धा बघवत नाही तिला.

२४ सप्टेंबर
रोज संध्याकाळी वाजवते. येतं काय मला, मोबाईलवर बघून अर्धी धून. अण्णा रडतात. बोटं रोज जास्त हलतात. शब्द मात्र नाही.
आईनं आजही अण्णांची चादर धुतली. रोजचंच झालंय. म्हटलं, "घट जवळ आले म्हणून अंगात आलंय का?" "व्हय," म्हणाली.

२६ सप्टेंबर
वाजवली. शब्द नाही.

२९ सप्टेंबर
लिहिता येत नाहीये.
अण्णांची औषधं आणायला धाराशिवला गेले होते. परत आले तर अंगणात घटाची धुणी. गोधड्या, डबे, पाट, देव्हाऱ्याची चौकट – आणि त्या रांगेत गिटार! ओलीचिंब. बटणांच्या फटीत फेस.
"आई, हे काय केलंस?"
"घट बसायच्या आधी घरातलं समदं धुवायचं असतंय. तूच म्हणलीस न्हवं सर्फची हाय? सर्फ घालून धुतली."
मी काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. अडाणी म्हणाले. राक्षसीण म्हणाले. गल्ली गोळा झाली. ती खाली मान घालून गोधडी पिळत राहिली.

३० सप्टेंबर
हाफिजभाईंनी उघडून बघितली. लाकडाचे थर सुटलेत. आवाज उचलणाऱ्या आतल्या गुंडाळीची केसासारखी तार तुटली. "माफ करा ताई. हिचं आता काय बी व्हायचं न्हाय."
एसटीत मांडीवर घेऊन बसले. कुणीतरी विचारलं, "भजनी मंडळ का?" हो म्हटलं.
संपलं सगळं. आईशी बोलत नाही.

२ ऑक्टोबर
अमावस्या. आईनं ताट वाढलं, मी उठून गेले.
अण्णा आज शांत पडून आहेत. हातही हलत नाही. जे थोडं जागं झालं होतं तेही विझलं, आणि विझवलं कुणी तर त्यांच्याच बायकोनं. आता असंच चालायचं – भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. कशाचीच वाट बघावीशी वाटत नाही.
दोरीवर चादर नव्हती.

३ ऑक्टोबर
घट बसले. आई पत्रावळीवर माती पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "सर्फ म्हंजे लाट. लग्नाच्या वर्षीच सांगितलं हुतं ह्यांनी."
तिनं मातीत मूठभर गहू टाकले.
"तू झोपायला गेलीस की रातभर चादर वरबाडायचे. नखातनं रगत यायचं. वाजवायला जायचे अन् वाजायचं न्हाय. तू डोळ्याचं पाणी बघत हुतीस, पोरी. मी बोटं बघत हुते."