मंडईच्या दिवसांत समुद्र

६ नोव्हेंबर, देवगड

सायकल मारून पाय गेले! हे कोकणातले चढ — एक संपला म्हणावं तर पुढचा उभा. आमच्या भंडाऱ्याकडच्या मोहाडीला रस्ता कसा सपाट, दोन्हीकडे धान. हातांना मात्र एक फोड नाही. उर्वशीने दिलेल्या हातमोज्यांची कृपा. निघताना लेकीने स्वतः घालून दिले. "तू जाय न आई! काहून मागंपुढं पाहून राहिली? मी आहो न घरी."

७ नोव्हेंबर, मालवण

पोहोचलो. उद्या सायकल नाही; परवा वेंगुर्ला, तिथे आमची सायकल सहल संपते. झोप!

८ नोव्हेंबर, मालवण

सकाळी होडीने किल्ल्यावर. वरठीची अंजू, माझी सायकलवरची जोडीदार, सबंध वेळ माझा दंड धरून. "बाई, आपल्या तलावातला डोंगाच बरा. बुडला तं उभं तरी राहता येते!" नावाडीही हसला.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आत दूधविहीर, साखरविहीर. चहूकडे खारट समुद्र आणि मधोमध गोडं पाणी! वाकून बघत होते, तेवढ्यात ह्यांचा फोन.

"अकराले आपली मंडई आहे न. तुमसरचे पाहुणे येऊन राहिले."

कोण पाहुणे? तेच — राइस मिलवाले, उर्वशीला मागणी घालणाऱ्या भुपेंद्रच्या घरचे. मागच्या मंडईला मीच चहा पाजून परत पाठवलेले. पोरगी शिकतेय, पुढे नागपूरला एम.एस्सी. करेल, असं स्पष्ट सांगून. मी इकडे आहे तोवर थांबा, असं ह्यांना म्हटलं.

"पसंत पडलं तं कुंकू लावून देऊ. तू समुद्र पाय."

समुद्र पाहा म्हणे!

मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेला, सगळे सोयरे गावात असतात. लग्नाच्या गोष्टी तेव्हाच निघतात. माझीही तशीच निघाली होती. एकोणीस वर्षांची मी, नाटक बघत होते. अर्ध्यावरून आत्याने उठवून नेलं, हातात पाण्याचा ट्रे दिला. त्या नाटकाचा शेवट मला अजून माहीत नाही. उर्वशीला कुणी असं उठवायचं नाही, हे मी ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं.

तटावर उभी राहून तिला फोन लावला.

"हो, माहीत आहे मले."

"रडून राहिली का?"

"नाही व आई. तू फिर न."

आवाज इतका बारीक. ते 'नाही' मला खरं वाटलं नाही.

दुपारी बाजारात हिंडलो. लाल चिऱ्याच्या भिंती, कौलं, माशांचा वास. अंजू काय काय दाखवत होती. मी बघत होते आणि काहीच दिसत नव्हतं. गूळ-आल्याचं खाजं घेतलं, उर्वशीला आवडेल म्हणून. हातात पुडी आली आणि डोळे भरले. दुकानदार बाई म्हणाल्या, "आलं जास्त लागलां काय गो?" मी अजून चाखलंही नव्हतं.

९ नोव्हेंबर, कुडाळ स्टेशन

परत निघाले. अंजू चिडली. "वेंगुर्ला इथं नाकासमोर आहे अन् तू गाडीत बसून राहिली! वर्षभर वरठीच्या रस्त्यावर धूळ खाल्ली, थे कायले?" मग तिनेच माझी सायकल सामानाच्या टेम्पोत चढवली, डब्यात चपात्या बांधून दिल्या. मुक्कामाच्या फाटकाशी बराच वेळ उभी होती.

घरी कळवलेलं नाही. कळलं तर पाहुण्यांना आधीच बोलावून घेतील. अकराला सकाळी भंडारा रोडला उतरेन. नळाजवळ उभी असेल माझी पोर, हातात ट्रे घेऊन. मी तो काढून घेईन. एवढंच करायचं आहे.

लाटांमध्ये पाय घालायचे राहूनच गेले.

१० नोव्हेंबर, गाडीत

उर्वशीचा फोन. "आई, वेंगुर्ल्याले पोहोचली का?" मी काही बोलायच्या आतच — "एक सांगू? रागावजो नको. पाहुण्यांले बोलवा म्हणून बाबाले मीच म्हटलं. भुपेंद्र मले पसंत आहे. मागच्या मंडईपासून. तू समोर असली की मले हो म्हणता येत नाही व आई."

गाडी पुलावर आली. सगळा डबा खडखडत होता.

"हा कायचा आवाज येऊन राहिला?"

"समुद्राचा," मी म्हटलं.